क्षेपणास्त्राचा पल्ला कोण ठरवतो?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतरच्या बातम्यांत एक आकडा सारखा डोकावत राहिला: ३०० किलोमीटर. अमेरिकेने युक्रेनला ३०० किमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे दिली, पण ती रशियाच्या हद्दीत डागायची नाहीत अशी अट घातली. पुढे ती अट सैल केली, अशा त्या बातम्या होत्या. जवळपास हाच आकडा आपल्या ब्राह्मोस क्षेपणास्त्राबद्दल वाचतानाही भेटतो. तिथे तो २९० असतो.

वर्गातली चौकस मुले यावर दोन प्रश्न विचारतात. एकदा शस्त्र देऊन टाकल्यावर ते कुठवर मारायचे, हे देणाऱ्याने का सांगावे? आणि नेमके ३००च का? पहिला प्रश्न राजकारणाचा वाटतो आणि दुसरा विज्ञानाचा. पण दोन्हींची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधाराने तो गुंता किती सुटतो, ते या लेखात पाहू.

नकाशावर तीन वर्तुळे

भारताचा भिंतीवरचा नकाशा घ्या. आम्ही वर्धा जिल्ह्यातील सावंगी (मेघे) येथून लिहीत आहोत, म्हणून कंपासचे टोक तिथे ठेवू. आपण ते आपल्या गावी ठेवा. नकाशाचे प्रमाण १ सेंमी = ५० किमी असेल, तर ३.३ सेंमी, ६ सेंमी आणि १० सेंमी त्रिज्येची तीन वर्तुळे काढा. ही १६५, ३०० आणि ५०० किमीची वर्तुळे झाली. अंतर अर्थात सरळ रेषेतले, रस्त्याचे नव्हे.

पहिल्या वर्तुळात नागपूर, यवतमाळ, अमरावती आणि चंद्रपूर सहज मावतात. त्याची कड अकोल्याजवळून जाते. दुसऱ्या वर्तुळात नांदेड येते, तर भोपाळ आणि जबलपूर कडेच्या जेमतेम बाहेर राहतात. तिसऱ्यात हैदराबाद, इंदूर, रायपूर आणि छत्रपती संभाजीनगर येतात. नाशिक जवळजवळ कडेवर असते आणि पुणे बाहेर राहते.

आता क्षेत्रफळे काढा. १६५ किमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ८५,५०० चौ. किमी भरते आणि ३०० किमीच्या वर्तुळाचे सुमारे २,८२,७०० चौ. किमी. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी आहे. म्हणजे ३०० किमी पल्ल्याचा एक प्रक्षेपक जवळजवळ महाराष्ट्राएवढ्या प्रदेशावर दहशत ठेवू शकतो. पल्ला पावणेदोन पटींहून किंचित जास्त वाढला, तर धोक्याखालचा प्रदेश ३.३ पट झाला. त्रिज्येच्या वर्गाचा हा परिणाम आहे. तेवढ्या प्रदेशातले विमानतळ, पूल, इंधनसाठे आणि दारूगोळ्याची कोठारे समोरच्याला हलवावी तरी लागतात किंवा त्यांचे रक्षण तरी करावे लागते. एकेका किलोमीटरवरून राष्ट्रप्रमुख वाद का घालतात, हे यावरून कळेल.

पल्ला म्हणजे ऊर्जा

अकरावीच्या पुस्तकातले प्रक्षेप्य गतीचे सूत्र आठवू या. हवेचा रोध विचारात न घेता ४५ अंशांच्या कोनात वस्तू फेकली, तर

पल्ला = (वेग × वेग) ÷ गुरुत्वत्वरण

३०० किमी पल्ल्यासाठी यातून सेकंदाला सुमारे १,७०० मीटर एवढा वेग मिळतो. प्रवासी विमानाच्या वेगाच्या हा सहा-सात पट आहे. उड्डाणाला लागणारा वेळ सुमारे चार मिनिटे. रॉकेटसारख्या झेपावणाऱ्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला हे गणित ढोबळमानाने लागू पडते, कारण त्याचा बराचसा प्रवास विरळ हवेतून होतो.

पल्ला वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाच्याच प्रमाणात असते. म्हणून पल्ला हे दर किलो वस्तुमानाला दिलेल्या ऊर्जेचे माप ठरते. हिशेब केला तर पल्ल्यातला प्रत्येक किलोमीटर वाढवण्यासाठी दर किलोमागे जवळजवळ ४,९०० ज्यूल ऊर्जा लागते. तो किलो अर्धा किलोमीटर उंच उचलायलाही तेवढीच ऊर्जा लागेल.

इंधन तेवढेच ठेवून पल्ला वाढवायचा असेल तर काय करावे? ओझे कमी करावे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे युक्रेनला मिळालेले अमेरिकी एटॅकम्स क्षेपणास्त्र. त्याच्या पहिल्या प्रकाराच्या टोकाशी सुमारे ५६० किलोची स्फोटके असतात आणि पल्ला १६५ किमी असतो. पुढच्या प्रकारात स्फोटकांचे वजन १६० किलोवर आणले आणि पल्ला ३०० किमी झाला. आपल्या 'पृथ्वी' क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ रोजी झाली. त्याचीही गोष्ट अशीच आहे. १,००० किलो भारासह १५० किमी पल्ला असलेला प्रकार भूदलासाठी आणि ५०० किलोसह २५० किमी पल्ल्याचा हवाई दलासाठी.

जेट इंजिनावर विमानासारखे उडणाऱ्या क्रूझ क्षेपणास्त्राचे गणित वेगळे असते. पण तिथेही स्फोटके कमी करून त्या जागी इंधन भरता येते. शिवाय उंचावरच्या विरळ हवेतून उडवले तर तेच क्षेपणास्त्र दूर जाते, आणि रडार चुकवण्यासाठी जमिनीलगत उडवले तर दाट हवेच्या रोधामुळे पल्ला बराच घटतो. म्हणून 'या क्षेपणास्त्राचा पल्ला अमुक किमी' हे विधान अपुरे असते. किती ओझे घेऊन आणि किती उंचीवरून, हेही सांगावे लागते.

३०० हा आकडा आला कुठून?

एप्रिल १९८७ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, जपान आणि कॅनडा या सात देशांनी 'क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था' जाहीर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमटीसीआर म्हणतात. हा करार नाही. सदस्यांनी स्वेच्छेने पाळायचे नियम आहेत. ५०० किलो किंवा अधिक भार ३०० किमी किंवा अधिक अंतरावर नेऊ शकणारी क्षेपणास्त्रे दुसऱ्या देशाला जवळजवळ द्यायचीच नाहीत, हा त्यातला मुख्य नियम. भार कमी असला तरी पल्ला ३०० किमी असेल तर प्रत्येक प्रकरणाची छाननी होते.

५०० किलो हा अंदाज नव्याने अण्वस्त्रे बनवू लागलेल्या देशाच्या पहिल्या, ओबडधोबड अणुबॉम्बच्या वजनाचा होता. ३०० किमी हे अंतर शेजाऱ्याच्या महत्त्वाच्या ठिकाणांपर्यंत पोचण्यास पुरेसे मानले गेले. नियम करणाऱ्यांना ओझे आणि पल्ला यांची अदलाबदल ठाऊक होती. म्हणून क्षेपणास्त्र प्रत्यक्षात किती ओझे घेऊन उडते एवढेच न पाहता, ओझे कमी करून ते किती दूर जाऊ शकेल, हेही मोजायचे असे ठरले.

ही बंधने सुट्या भागांनाही लागू आहेत. सेकंदाला ६०० मीटरपेक्षा अधिक वेगाने उडत असतानाही स्थान सांगू शकणारे उपग्रह-दिशादर्शक ग्राहक या यादीत येतात. आपल्या मोबाइलमधल्या अशा ग्राहकाला एवढ्या वेगाची गरज कधीच पडत नाही, पण क्षेपणास्त्राला पडते.

ब्राह्मोसचे २९०

भारत आणि रशिया यांच्यात १२ फेब्रुवारी १९९८ रोजी करार होऊन ब्राह्मोस प्रकल्प उभा राहिला. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांची नावे जोडून हे नाव झाले. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी झाली. रशिया १९९५ पासून एमटीसीआरचा सदस्य होता, भारत नव्हता. म्हणून पल्ला २९० किमी ठेवण्यात आला, ३००च्या रेषेच्या दहा किमी अलीकडे. इंजिनाची ताकद संपली म्हणून हा आकडा आलेला नव्हता. तो नियमाने आलेला होता.

२७ जून २०१६ रोजी भारत एमटीसीआरचा सदस्य झाला आणि रशियाची अडचण दूर झाली. नऊ महिन्यांच्या आत, ११ मार्च २०१७ रोजी, ४५० किमी पल्ल्याच्या ब्राह्मोसची चाचणी झाली. इतक्या थोड्या काळात नवे इंजिन तयार होत नसते. यंत्राची ती क्षमता आधीपासूनच होती, हे शिक्षकांनी मुलांना आवर्जून दाखवावे. महाराष्ट्राचाही या कामात वाटा आहे. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने सुखोई-३० विमानात ब्राह्मोस वाहून नेण्यासाठी बदल केले. अडीच टनांचे क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन ते विमान २५ जून २०१६ रोजी उडाले, आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी विमानातून पहिले प्रक्षेपण झाले. क्षेपणास्त्र वाहणारे विमानच शेकडो किमी पुढे जात असल्याने कागदावरचा पल्ला आणि प्रत्यक्षातली पोच यांत आणखी अंतर पडते.

अशा नियमांचा फटका शांततेच्या कामालाही बसतो. १९९१ मध्ये इस्रोने रशियन संस्थेशी क्रायोजेनिक इंजिनांसाठी करार केला. ही क्षेपणास्त्रांची बंधने पुढे करून अमेरिकेने १९९२ मध्ये दोन्ही संस्थांवर निर्बंध घातले, आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यास नकार दिला. तयार इंजिने तेवढी दिली. वास्तविक उणे २५३ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रव हायड्रोजन क्षेपणास्त्रात भरून महिनोन्महिने सज्ज ठेवता येत नाही. तो उकळून उडून जातो. युद्धासाठी हे इंजिन गैरसोयीचेच आहे. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाने जीएसएलव्हीचे उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी यशस्वी केले, तोवर दोन दशके गेली होती.

युक्रेनवरची अट

ब्राह्मोसवरचे बंधन शस्त्राच्या क्षमतेवर होते. युक्रेनवरचे बंधन शस्त्राच्या वापरावर होते. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने हायमार्स हे फिरते रॉकेट-प्रक्षेपक दिले, त्यांच्यासोबतच्या रॉकेटांचा पल्ला ७०-८० किमी होता. मे २०२३ मध्ये ब्रिटनने अडीचशे किमीहून अधिक पल्ल्याची स्टॉर्म शॅडो क्रूझ क्षेपणास्त्रे दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये १६५ किमीचे एटॅकम्स प्रथम वापरले गेले आणि २०२४ च्या वसंतात ३०० किमीचे पोचले. अट एकच होती: युक्रेनच्या मान्य सीमांच्या आतच वापरा. जर्मनीच्या शोल्झ सरकारने तर ५०० किमीचे टॉरस दिलेच नाही.

या अटीची किंमत खारकीव्ह शहराने मोजली. रशियाची सीमा तिथून ३०-४० किमीवर आहे, म्हणजे साधारण वर्ध्याहून पुलगाव. सीमेपलीकडून सुटलेले क्षेपणास्त्र भोंगा वाजायच्या आत येऊन पडे. शिवाय पंख बसवलेले बॉम्ब होते. विमानाने १२ किमी उंचीवरून असा बॉम्ब सोडला आणि तो प्रत्येक किमी खाली येताना पाच किमी पुढे तरंगत गेला, तर ६० किमी दूर पडतो. विमानाला स्वतःची हद्द ओलांडावीच लागत नाही. बॉम्ब हवेत अडवणे फार कठीण. विमान तळावर उभे असतानाच गाठणे हा उपाय, आणि नेमके तेच अटीमुळे निषिद्ध होते.

१० मे २०२४ रोजी खारकीव्हच्या दिशेने नवी चढाई सुरू झाल्यावर, महिनाअखेरीस अमेरिकेने त्या भागात सीमेपलीकडे प्रतिहल्ल्याची परवानगी दिली. मात्र एटॅकम्स वगळून. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीही परवानगी मिळाली. १९ नोव्हेंबरला रशियाच्या ब्रियान्स्क प्रांतातील दारूगोळा कोठारावर एटॅकम्स डागली गेली. त्याच दिवशी रशियाने आपले अण्वस्त्रविषयक धोरण बदलून अण्वस्त्रवापराची मर्यादा खाली आणली, आणि २१ नोव्हेंबरला ओरेश्निक हे नवे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र युक्रेनमधील द्नीप्रो शहरावर सोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने वृत्त दिले की अमेरिकी संरक्षण खाते प्रत्येक वापराला वेगळी मंजुरी मागून एटॅकम्सचा रशियातील वापर काही महिने रोखून धरत होते. दिलेली परवानगी अशी परतही घेता येते.

अट पाळून कशी घेतात?

सोपा मार्ग म्हणजे आखूड पल्ल्याचा प्रकारच द्यायचा. दुसरा म्हणजे यंत्रातच बदल. युक्रेनला दिलेल्या हायमार्समधून एटॅकम्स उडू नये, असा बदल अमेरिकेने केल्याचे वृत्त डिसेंबर २०२२ मध्ये त्याच वर्तमानपत्रात आले होते. तिसरा मार्ग माहितीचा आहे. स्टॉर्म शॅडोसारखे क्षेपणास्त्र खालच्या जमिनीचा चढउतार आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहत वाट काढते आणि शेवटी लक्ष्याचे चित्र जुळवते. तो नकाशा आणि उपग्रहचित्रे पुरवणाऱ्याच्या हाती असतील, तर परवानगीही त्याच्याच हाती असते. आणि शेवटचा मार्ग म्हणजे साठा. पुढची खेप देणाऱ्याकडून यायची असते.

या अटी स्वतः बनवलेल्या शस्त्रांना लागू होत नाहीत. २०२४ मध्ये युक्रेनचे स्वतःचे ड्रोन हजार किमीहून दूरच्या रशियन ठिकाणांवर पोचले. त्यांची गती मंद आणि स्फोटके थोडी होती, पण पल्ला कोणाला विचारावा लागत नव्हता.

मिनिटांचा हिशेब

मग देणाऱ्यांची भीती निराधार होती का? ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानच्या हद्दीत मियाँ चन्नूजवळ, सीमेपासून १२४ किमी आत पडले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. भारताने चूक मान्य केली, चौकशी झाली आणि तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. पण त्या काही मिनिटांत पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाचा विचार करा. येणारा ठिपका किती वेगाने येतो, हे रडार सांगते. त्याच्या टोकाशी काय आहे, हे रडार सांगत नाही. ३०० किमीसाठी चार मिनिटे मिळतात. एवढ्या वेळात वर्गातली हजेरीसुद्धा पुरी होत नाही, आणि तेवढ्यात उत्तर द्यायचे की थांबायचे हे ठरवायचे असते.

दुसरा मुद्दा उपयोगाचा. परवानगीची चर्चा महिनोन्महिने उघडपणे चालली आणि तोवर रशियाने बहुतेक बॉम्बफेकी विमाने ३०० किमीच्या बाहेर नेली, असे अमेरिकी अधिकारी सांगत होते. युक्रेनचे उत्तर होते की विमाने दूर गेली तर त्यांच्या फेऱ्या कमी होतात, आणि कोठारे व ठाणी तर जागेवरच राहतात. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण उशिराने अट पुरती वांझ केली, एवढे नक्की. वेळेवर दिली असती तर परवानगीचा लाभ झाला असता. कधीच दिली नसती तर निदान धोका टळला असता. थोडी थोडी आणि सांगून दिल्याने लाभ घटला आणि धोका राहिलाच.

देणाऱ्याच्या जागी आपण

आजवर आपण या नियमांकडे अडवणूक झालेल्याच्या नजरेने पाहिले. आता बाजू बदलली आहे. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपाइन्सने भारताशी ब्राह्मोस खरेदीचा करार केला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिली खेप पोचली. परदेशी जाणारा हा प्रकार २९० किमीचाच आहे. उद्या एखाद्या घेणाऱ्या देशाचे युद्ध पेटले, तर ती क्षेपणास्त्रे कुठे पडावीत याबद्दल भारताला काही म्हणावे लागेल, आणि ते कधी म्हणायचे हेही ठरवावे लागेल. शस्त्र देतानाच अटी स्पष्ट करायच्या की युद्ध सुरू झाल्यावर महिन्यागणिक बदलायच्या, हा प्रश्न आपल्याही दारात आलेला आहे.

आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि पुलगावचे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडारही आहे. इथल्या मुलांना दोन्हींबद्दल प्रश्न पडतात. अट योग्य की अयोग्य, हे भौतिकशास्त्र सांगणार नाही. प्रत्येक किलोमीटरने किती प्रदेश धोक्यात येतो, विचाराला किती सेकंद उरतात आणि कागदावरचा आकडा किती लवचिक असतो, एवढे मात्र ते अचूक सांगते. हे आकडे समोर ठेवून मुले वाद घालतील, तर तो वाद बातम्यांतल्या वादापेक्षा नक्कीच बरा होईल.

वर्गासाठी

१. आपल्या गावाभोवती १६५, ३०० आणि ५०० किमीची वर्तुळे काढा. प्रत्येकात कोणती मोठी शहरे येतात?

२. एटॅकम्सचा पल्ला १६५ वरून ३०० किमी करण्यासाठी सुरुवातीचा वेग किती पट वाढवावा लागेल? (सुमारे १.३५ पट.)

३. ताशी १,००० किमी वेगाच्या क्रूझ क्षेपणास्त्राला २५० किमी जायला १५ मिनिटे लागतात. याच अंतरासाठी बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला किती वेळ लागेल? इशारा मिळणाऱ्या शहराच्या दृष्टीने या फरकाचा अर्थ काय?

४. दोन गट करून चर्चा घ्या: 'शस्त्र देणाऱ्या देशाने त्याच्या वापराच्या सीमा ठरवाव्यात.' प्रत्येक गटाने निदान एक आकडा आपल्या विरुद्ध बाजूच्या सोयीचा मांडावा.